दीनबंधू : एका ईश्वरविशेषणाचा इतिहास

मराठी भक्तिपरंपरेने ईश्वराला जी विशेषणे बहाल केली, त्यांत ‘दीनानाथ’, ‘पतितपावन’ आणि ‘दीनबंधू’ ही तीन इतकी रुळलेली आहेत की त्यांच्यातील अर्थभेद सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. नाथ हा रक्षणकर्ता असतो. तो वर असतो आणि दीन त्याच्या आश्रयाला असतात. पावन करणारा शुद्धी देतो. म्हणजे ज्याला तो शुद्ध करतो त्याचे मूळचे अशुद्धत्व त्याने गृहीत धरलेले असते. बंधू हा शब्द मात्र नात्याचा आहे. बंधू एका घरातला, एका पंक्तीतला असतो. त्याला उंबऱ्याबाहेर ठेवता येत नाही. ईश्वराला दीनांची कणव आहे, हे म्हणणे एक आणि तो दीनांचा भाऊ आहे, हे म्हणणे दुसरे. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती श्रद्धा मराठी भाषेत स्थिरावू लागली तेव्हा तिने ही जुनीच विशेषणे उचलली; परंतु त्यांचा हिशेब मागण्याची एक नवी रीत तिच्याबरोबर आली, आणि कालांतराने तोच हिशेब तिलाही द्यावा लागला. हा हिशेब महाराष्ट्रात सुरू झाला आणि पुढे दिल्लीतील शासनाच्या व न्यायालयाच्या दारापर्यंत पोहोचला.

ख्रिस्ती श्रद्धेतील या कल्पनेचे मूळ हिब्रू धर्मग्रंथांत आहे. ‘निर्गम’ या ग्रंथात ईश्वर मोशेपुढे प्रकट होतो तो मिसर देशातील गुलामांचा आक्रोश ऐकणारा म्हणून. तो त्यांची विपत्ती पाहतो, त्यांची हाक ऐकतो आणि त्यांना सोडविण्यासाठी खाली उतरतो. पाहणे, ऐकणे आणि उतरणे हा क्रम महत्त्वाचा आहे. उपदेश त्यानंतर येतो. पुढे नियमशास्त्रात विधवा, पोरके आणि परदेशी यांची विशेष काळजी वाहण्याची आज्ञा येते, शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी राखून ठेवण्यास सांगितले जाते, आणि आमोस व यशया यांच्यासारखे संदेष्टे न्यायावाचून केलेल्या उपासनेचा धिक्कार करतात. नव्या करारात लूककृत शुभवर्तमानातील मरियेचे गीत सत्ताधीशांना आसनावरून खाली ओढणाऱ्या आणि लीनांना उंच करणाऱ्या देवाचे स्तवन करते. मत्तयकृत शुभवर्तमानात अंतिम न्यायाचे जे चित्र आहे, त्यात राजा भुकेले, तान्हेले, उघडे आणि बंदिवान यांना आपले भाऊ म्हणतो आणि त्यांच्यासाठी केलेले कृत्य स्वतःसाठी केलेले मानतो. ‘दीनबंधू’ हे विशेषण याहून अधिक अक्षरशः कोठे लागू पडत असेल असे वाटत नाही.

महाराष्ट्राला हा देव सर्वस्वी अपरिचित होता असे म्हणणे मात्र चूक ठरेल. चोखामेळ्याच्या भोवती जमलेल्या कथांत विठ्ठल त्याच्याबरोबर मेलेली गुरे ओढतो, त्याच्या घरी जेवतो. चोखोबांच्या अभंगांतील गाऱ्हाणे हे भावाने भावाकडे केलेले गाऱ्हाणे आहे; त्यात आर्जव आहे तसा जाबही आहे. तथापि, कथेतला देव उंबऱ्याबाहेर आला तरी देवळाचा उंबरा जेथल्या तेथेच राहिला. चोखोबांची समाधी पंढरपुरी महाद्वारापाशी आहे, आणि त्यांच्या समाजाला ते महाद्वार ओलांडण्याचा हक्क मिळण्यास १९४७ साल उजाडावे लागले. त्यासाठी साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण आरंभावे लागले. भक्तीने भावनेच्या पातळीवर जे नाते मान्य केले, ते समाजरचनेने सहा शतके नाकारले. ही जी फट, तिच्यातूनच एकोणिसाव्या शतकातील प्रश्न उभे राहिले.

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभ फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’पासून धरला जातो. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज येशूसंघीयाने सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापविला. स्टीफन्स यांना मराठीविषयी वाटणारे प्रेम सर्वश्रुत आहे; परंतु त्यांचा प्रधान हेतू पुराणांची जागा भरून काढण्याचा होता, सामाजिक विषमतेची चिकित्सा करण्याचा नव्हे. त्या चिकित्सेला वाव मिळाला तो १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरल्यानंतर, आणि विशेषतः १८४२ मध्ये अहमदनगर येथे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाल्यानंतर. ‘ज्ञानोदया’चा उद्देश धर्मप्रसाराचा होता हे उघड आहे. हिंदू धर्मावरील त्याची टीका पुष्कळदा एकांगी असे, हेही खरे. असे असूनही मराठीच्या इतिहासातील एक असाधारण लेख या पत्राने छापला आणि तो ख्रिस्ती लेखकाचा नव्हता.

१८५५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवे या मुलीचा ‘मांगमहारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध प्रसिद्ध झाला. मुक्ता ही पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातील विद्यार्थिनी. तिने या निबंधात आपल्या लोकांवर पेशवाईत झालेले अत्याचार, त्यांच्या स्त्रियांचे उघड्यावर होणारे बाळंतपण, अन्नावाचून आणि आसऱ्यावाचून होणारी परवड यांची नोंद केली. परंतु या निबंधाचे खरे बळ त्यातील तर्कात आहे. वेद जर ब्राह्मणांचेच असतील आणि आम्हांला ते पाहण्याचीही मुभा नसेल, तर आम्ही धर्मग्रंथावाचूनचे, म्हणून धर्मावाचूनचे लोक ठरतो, असा निष्कर्ष ती काढते. त्यानंतर ती थेट ईश्वरालाच विचारते की आमचा धर्म कोणता ते आम्हांला सांग. हे आर्जव दयेसाठी नाही. निर्गमातील गुलामांच्या आक्रोशाला शब्द नव्हते. मुक्ताच्या आक्रोशाला युक्तिवाद आहे. तिच्या प्रश्नाला उत्तर देण्याची जबाबदारी, तो छापणाऱ्या मिशनरी पत्राने जाणता अजाणता आपल्याकडे ओढवून घेतली.

तिचे शिक्षक जोतीराव फुले स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले होते. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. पण ‘गुलामगिरी’ या १८७३ च्या ग्रंथात त्यांनी येशूला बळीराजाच्या परंपरेत आणून बसविले. वामनाने पाताळात घातलेला शेतकऱ्यांचा राजा आणि वधस्तंभावर खिळलेला गालीलातील सुतार हे त्यांच्या लेखी एकाच घराण्याचे. ही जोडणी इतिहासदृष्ट्या टिकणारी नसेल, परंतु तिची भावना अचूक आहे: फुल्यांनी ख्रिस्ताला दुरून आलेला उपकारकर्ता म्हणून न स्वीकारता इडा पीडा टळो आणि बळीचे राज्य येवो, ही प्रार्थना करणाऱ्यांचा सोयरा म्हणून ओळखले. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी सत्यशोधक विचारांचे साप्ताहिक काढले, त्याला नाव दिले ‘दीनबंधू’. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईहून चालविले आणि गिरणी कामगारांची दुःखे त्यातून मांडली. येथे ईश्वराचे विशेषण प्रथमच माणसांच्या एका उद्योगाला लागले.

ख्रिस्ती गोटात हेच स्थित्यंतर सर्वांत तीव्रतेने घडले ते पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात. त्यांच्या आधी बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कथेतून विधवांच्या दुःखाला वाचा फोडली होती. पण तेथे निवेदकाची भूमिका पाहणाऱ्याची आहे. रमाबाईंनी दैन्य भोगले होते. १८५८ मध्ये जन्मलेल्या या विदुषीचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण १८७४ पासूनच्या दुष्काळी वर्षांत अन्नान्न करीत गेली. बंधू श्रीनिवास यांच्यासह त्या देशभर पायी हिंडल्या. १८७८ मध्ये कलकत्त्याने त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले, तेव्हा त्यांना चांगलेच ठाऊक होते की ज्या शास्त्रांच्या ज्ञानाबद्दल हा गौरव होत आहे, त्याच शास्त्रांनी स्त्रिया आणि शूद्र यांना मोक्षाचा मार्ग अडवून धरला आहे. बंगालमधील एका अब्राह्मण वकिलाशी त्यांनी लग्न केले आणि दोन वर्षांच्या आत, १८८२ मध्ये, त्या विधवा झाल्या.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यातील बहुतेक सुधारकांना हा धक्का होता. फुल्यांनी मात्र ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. मतांतराचे कारण रमाबाईंनी १९०७ मधील आपल्या साक्षीत सांगितले आहे, ते तत्त्वचर्चेचे नाही. वाँटेजच्या भगिनी लंडनमधील फुलम येथे पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी एक घर चालवीत होत्या. तेथील काम पाहून रमाबाई थक्क झाल्या, कारण अशा स्त्रियांवर दया करावी असे आपल्या शास्त्रांत त्यांनी कोठे वाचले नव्हते. या कामाच्या मुळाशी काय आहे असे विचारता त्यांना विहिरीवरील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. विटाळलेल्या जमातीतील, दुर्लौकिक असलेल्या त्या बाईकडे येशू पाणी मागतो. हे चित्र महाराष्ट्रातील वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पाणी कोण कोणाच्या हातचे पितो, यावर येथला समाज उभा होता.

परंतु बाप्तिस्म्याने रमाबाईंचा प्रश्न संपला नाही. ब्राह्मण पुरोहितांचे जोखड उतरवून आलेली आपली मान दुसऱ्या पुरोहितांच्या जोखडाखाली देण्याची इच्छा नाही, अशा आशयाची पत्रे त्यांनी आपल्या इंग्रज धर्ममातेला लिहिली. मायदेशी परतल्यावर १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी काढलेले ‘शारदा सदन’ उच्चवर्णीय विधवांसाठी होते. ते पुण्यात हलल्यावर तेथील मुलींच्या धर्मांतरावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. खरा पालट त्यानंतर झाला. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने व दलालांच्या तावडीत सापडून नासून चाललेल्या शेकडो मुली घेऊन केडगावला आल्या. या मुली सर्व जातींच्या होत्या. ‘मुक्ती’ या नावाने उभ्या राहिलेल्या या वसाहतीत १९०० च्या सुमारास दीड हजारांच्या आसपास रहिवासी होते. विणकाम, दुग्धशाळा, शेती, छापखाना, अंध मुलींचे शिक्षण अशी कामे तेथे चालत. लहानपणी दुष्काळातून वाचलेल्या बाईने दुष्काळातील मुलींसाठी उभारलेल्या या घरात ‘मोक्ष’ या शब्दाऐवजी ‘मुक्ती’ हा शब्द आला. या मुक्तीचा आरंभ जेवणापासून होई.

रमाबाईंच्या अखेरच्या पंधराएक वर्षांतील कार्य साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. बायबलच्या प्रचलित मराठी भाषांतराची भाषा संस्कृतप्रचुर आहे आणि तिच्यातील काही शब्द जुन्या तत्त्वज्ञानाचा वास घेऊन येतात, असे त्यांचे मत होते. जिने संस्कृत विद्येच्या बळावर कीर्ती मिळविली, तिनेच आपल्या वसाहतीतील अडाणी बायकांना उमजेल अशा साध्या मराठीचा आग्रह धरला. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्तीच्या स्त्रियांनीच छापखान्यात खिळे जुळविले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या त्यापूर्वी भाषांतर हातावेगळे झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मंडळ्यांत तो फारसा रुजला नाही. तथापि, एका स्त्रीने एकहाती पूर्ण केलेल्या या भाषांतरामागील विचार दुर्लक्षिण्याजोगा नाही: देव जर दीनांचा भाऊ असेल, तर त्याने भावंडांच्या बोलीत बोलले पाहिजे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक नेमक्या उलट वाटेने याच ठिकाणी आले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने संतांची भाषा टाकली नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असे ते सांगत. रमाबाईंना जे शब्द जुन्या ओझ्याचे वाटले, त्याच शब्दांत टिळकांना घरची माया आढळली. त्यांचे अभंग आणि पदे ‘उपासना संगीता’तून नगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत पोहोचली. या मंडळ्यांत बहुसंख्य माणसे महार आणि मांग समाजांतून आलेली होती. ज्यांच्या पूर्वजांना कीर्तन मंडपाबाहेर उभे राहून ऐकावे लागले, त्यांच्या मुखी आता अभंग आला आणि तो त्यांच्या स्वतःच्या उपासनेत आला. मिशनच्या चौकटीचा टिळकांनाही काच झाला. १९१७ मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांनाही खुला असलेला ‘देवाचा दरबार’ त्यांनी साताऱ्यात उभारला. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेत जाती देवाने निर्मिल्या की माणसांनी, हा प्रश्न एका सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या बाईला कसा पडतो आणि त्याचे उत्तर मिळताच कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निश्चय ती कसा करते, याचे निरूपण आहे. मोठे धर्मतत्त्व तेथे पाण्याच्या घोटाएवढे लहान आणि तितकेच अपरिहार्य होते.

याच सुमारास दिल्लीत ‘दीनबंधू’ हे विशेषण एका ख्रिस्ती माणसाला लागू होण्याची तयारी चालली होती. केंब्रिज मिशनने १८८१ मध्ये स्थापिलेल्या सेंट स्टीफन्स कॉलेजात चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज १९०४ मध्ये अध्यापक म्हणून आले. १९०६ मध्ये त्या कॉलेजचे प्राचार्यपद सुशीलकुमार रुद्र यांना मिळाले. राज्यकर्त्यांच्या वंशाच्या माणसाने भारतीयाच्या हाताखाली काम करण्याचा तो प्रसंग होता आणि अँड्र्यूज त्याच्या बाजूने ठामपणे उभे राहिले. १९१४ च्या आरंभी ते दक्षिण आफ्रिकेत गांधीजींना भेटले, १९१५ मध्ये फिजी बेटांवर जाऊन करारबद्ध भारतीय मजुरांची दुर्दशा त्यांनी पाहिली, आणि त्यांच्या अहवालाने ती मजूरपद्धती मोडण्यास मोठा हातभार लागला. गांधीजींच्या वर्तुळात त्यांना ‘दीनबंधू’ म्हटले जाऊ लागले. सत्यशोधकांच्या पत्राचे नाव आणि दिल्लीतील या धर्मोपदेशकाची उपाधी एकच असावी, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. दोन्ही ठिकाणी विशेषण ईश्वराचे आहे आणि ते सार्थ करण्याचे ओझे माणसांवर आहे.

मात्र या सर्व कथेत एक उणीव राहते. रमाबाई, टिळक, अँड्र्यूज ही सारी माणसे दीनांकडे वळलेली, खाली उतरलेली होती. ज्यांच्याकडे ती उतरली त्यांचे म्हणणे काय होते? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न निष्ठुरपणे विचारला. जानेवारी १९३८ मध्ये सोलापूर येथे ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांविषयीचे आपले आकर्षण बोलून दाखविले. पण भारतीय ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढला नाही, हेही त्यांनी तोंडावर सांगितले. त्यांच्या मृत्यूनंतर, १९८९ मध्ये प्रकाशित झालेल्या लेखनखंडात या विषयाची अधिक सविस्तर चिकित्सा आहे. अस्पृश्याच्या हालांचे मूळ समाजरचनेत असताना मिशनरी त्याला ते पापात असल्याचे शिकवितात. त्यामुळे धर्मांतरित माणसाची बंड करण्याची उर्मीच विझते, असा त्यांचा आक्षेप आहे. मंडळीतही जात जिवंत राहिली, बसण्याच्या जागा आणि दफनभूमी निराळ्या राहिल्या, हे त्यांनी नोंदविले. दयेचा देव पुरेसा नाही, हे या चिकित्सेचे सार आहे.

स्वातंत्र्यानंतर हा आक्षेप एका वेगळ्या रूपाने दिल्लीत उभा राहिला. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी जाहीर झाली. त्यातील तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू धर्माहून भिन्न धर्म मानणाऱ्या व्यक्तीला अनुसूचित जातीची गणण्यास मनाई केली. १९५६ मध्ये शीख दलितांना आणि १९९० मध्ये बौद्धांना या परिच्छेदात स्थान मिळाले. महाराष्ट्रातील नवबौद्धांच्या दृष्टीने ही दुसरी दुरुस्ती मोलाची होती. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेर राहिले. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मद्रासमधील एका ख्रिस्ती चर्मकाराचे प्रकरण आले. आदि-द्रविड समाजातील हा माणूस रस्त्याच्या कडेला बसून चपला शिवीत असे. सरकारने चर्मकारांना वाटलेली टपरी त्याला नाकारण्यात आली, कारण तो ख्रिस्ती होता. धर्मांतरानंतरही जातीमुळे येणारी हलाखी नव्या समाजात तितक्याच तीव्रतेने टिकून आहे हे दाखविले गेले पाहिजे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली आणि याचिका फेटाळली.

या निकालाने ख्रिस्ती समाजाला एका विलक्षण पेचात उभे केले. आपल्या मंडळीत जात उरलेली नाही असे त्याने म्हणावे, तर त्याचा दलित बांधव सवलतींना मुकतो. जात उरली आहे असे म्हणावे, तर आपला देव दीनांचा बंधू असल्याचा त्याचा दावा त्याच्याच साक्षीने खोटा ठरतो. विरुद्ध बाजूही हलकी लेखता येणार नाही. अस्पृश्यता हे हिंदू समाजरचनेचे अपत्य असून समतेचा पुरस्कार करणाऱ्या धर्मात गेलेल्यांना तिची भरपाई कशी मागता येईल, असा प्रश्न विचारला जातो. मर्यादित वाट्यात आणखी वाटेकरी येतील ही हिंदू, शीख व बौद्ध दलितांची भीतीही खरी आहे. न्या. रंगनाथ मिश्र यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००७ मध्ये सादर केलेल्या अहवालात अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून अलग करण्याची शिफारस केली. तो २००९ मध्ये संसदेपुढे ठेवण्यात आला. २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नाच्या तपासासाठी नवा आयोग नेमला.

या पेचातून वाट काढण्याचा सर्वांत मूलगामी प्रयत्न न्यायालयात झाला नाही. तो धर्मचिंतनात झाला, आणि त्याचा कर्ता महाराष्ट्रातील दलित ख्रिस्ती परंपरेतून आलेला होता. लॅटिन अमेरिकेत गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी १९७१ मध्ये मुक्तीच्या धर्मशास्त्राची मांडणी केली होती आणि देव गरिबांचा पक्ष घेतो हा विचार जगभर पोहोचला होता. रेव्हरंड अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात त्याच्याही पुढचे पाऊल टाकले. भारतातील ख्रिस्ती चिंतन आजवर ब्राह्मणी अनुभवातून घडले, नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांच्यासारख्या पंडितांनी ते वेदान्ताशी संवाद करीत रचले, आणि मंडळीतील बहुसंख्य दलितांची व्यथा त्यात उतरलीच नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे मद्रासच्या गुरुकुल धर्मविद्यालयात त्यांनी दलित धर्मशास्त्राची शाखा उभी केली. ‘अनुवाद’ या ग्रंथातील इस्राएली शेतकरी पहिले पीक वाहताना आपल्या भटक्या पूर्वजाचे स्मरण करतो. तसेच दलित ख्रिस्ती माणसाने आपल्या गावकुसाबाहेरच्या पूर्वजाचे स्मरण करीत श्रद्धेचा उच्चार करावा, असे निर्मळांनी सुचविले.

त्यांच्या मांडणीचा कळस सेवक-देवाच्या कल्पनेत आहे. यशयाच्या ग्रंथातील दुःख सोसणारा सेवक आणि शिष्यांचे पाय धुणारा येशू यांचे स्तवन मंडळी शतकानुशतके करीत आली. ‘सेवक’ या शब्दाचा आपल्या समाजातील खरा अर्थ मात्र तिने टाळला. येथे सेवा करतो तो झाडूवाला, धोबी, मेहतर. देव सेवक आहे असे म्हणावयाचे असेल तर तो या माणसांच्या जातीचा आहे असे म्हणावे लागेल. येथे नाथ आणि पावनकर्ता ही दोन्ही विशेषणे गळून पडतात. दीनांवर कृपा करणारा देव उरत नाही. स्वतः दीन असलेला, म्हणून अक्षरशः बंधू असलेला देव उरतो. चोखोबाबरोबर गुरे ओढणारा विठ्ठल या कल्पनेपासून फार दूर नाही, हे मराठी वाचकाच्या सहज लक्षात येईल. फरक इतकाच की निर्मळांना हा देव मंडळीचा उंबरा हलविण्यासाठी हवा होता. १९९० मध्ये त्यांनी दलित धर्मशास्त्राचा वाचनग्रंथ संपादित केला. १९९५ मध्ये ते निवर्तले. दिल्लीत जेम्स मॅसी यांनी हा विचार पुढे नेला आणि तेथील आय.एस.पी.सी.के. या जुन्या ख्रिस्ती प्रकाशनसंस्थेने त्या वाङ्मयाला आश्रय दिला.

उंबरा काही प्रमाणात हलला, याला पुरावा आहे. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांच्या सबलीकरणाविषयीचे आपले धोरण प्रसिद्ध केले आणि मंडळीत अस्पृश्यता पाळली गेली असल्याची कबुली त्यात दिली. मराठीच्या क्षेत्रात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. २०१३ च्या साहित्य अकादेमी अनुवाद पुरस्काराने ते गौरविले गेले. वसईच्या हिरव्या पट्ट्यातील जमिनी बळकावणाऱ्यांविरुद्ध लोकांबरोबर उभे राहिलेल्या आणि २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविलेल्या या धर्मगुरूने रमाबाईंच्या सुबोधतेच्या आग्रहाला एक शतकानंतर पुन्हा न्याय दिला.

असे असले तरी मुक्ता साळवेचा प्रश्न सुटलेला नाही. आमचा धर्म कोणता, हे तिने १८५५ मध्ये ईश्वराला विचारले होते, कारण तिच्या लोकांना कोणताच धर्म आपला म्हणत नव्हता. १९५० च्या आदेशानंतर तोच प्रश्न उलटा होऊन शासनाकडून दलितांना विचारला जाऊ लागला: तुमचा धर्म कोणता ते सांगा, मग तुमचे दुःख ऐकू. मत्तयाने वर्णिलेल्या न्यायासनापुढील राजा भुकेल्याचा धर्म विचारीत नाही आणि त्याला अन्न देणाऱ्याचाही विचारीत नाही. राज्यसंस्थेने त्या राजाचे अनुकरण करावे असा आग्रह धर्मनिरपेक्ष देशात धरता येणार नाही. तिला न्यायाची आपली कसोटी स्वतंत्रपणे शोधावी लागेल. ज्यांनी आपल्या देवाला दीनबंधू म्हटले, त्या मंडळीला मात्र ही मुभा नाही. निराळी दफनभूमी जेथे अजून राखली जाते, तेथे ते विशेषण उच्चारण्याचा अधिकार तिला नव्याने मिळवावा लागेल.